आधी घरातले नट मोजा, मग पाने-पक्कड घ्या

विहिरीवरच्या मोटरीची फ्लँज, म्हणजे पाइपचा नट-बोल्टने आवळलेला जोड, उघडायची होती. मे महिन्याचा शेवट, पाऊस तोंडावर आलेला आणि सक्शन पाइपच्या जोडातून मोटर हवा ओढत होती. नट होता १९ मिलिमीटरचा. घरात पाने होते ऑनलाइन मागवलेल्या शंभर नगांच्या पेटीतले, आणि त्यात १८-१९चा, म्हणजे एका टोकाला १८ आणि दुसऱ्याला १९ असलेला, नेमका नव्हता. मी २०-२२चा घेतला, २०च्या तोंडात पत्र्याची पट्टी दुमडून घातली आणि दांड्यावर जोर दिला. पट्टी सटकली, पाना फिरला, माझ्या बोटांची सालपटं विहिरीच्या कठड्याला लागली आणि नटाचे सहाही कोपरे गोल झाले. शेवटी फिटरला बोलवावं लागलं. त्याने छिन्नीने नट फोडला आणि जाताना एवढंच म्हणाला, "एकुणीसचा एक पाना घेऊन ठेव की. पेटी कशाला घेतलीस?"

वडील बेळगावच्या उद्यमबागेत टर्नर, म्हणजे लेथवरचे कारागीर होते. त्यांच्या पिशवीत मोजून नऊ पाने आणि तीन पकडी असत, आणि तेवढ्यावर आमचं घर, सायकल, शेजाऱ्यांचा पंप, सगळं चालायचं. घरच्या कामासाठी हत्यारं घेताना हाच हिशोब ठेवायचा. पेटीत किती नग आहेत ते बघायचं नाही, आपल्या घरात कुठल्या मापाचे नट आहेत ते बघायचं. कसं, ते आता एकेक करून सांगतो.

एक रविवार नट मोजण्यात घालवा

कागद, पेन आणि व्हर्निअर (वस्तू जबड्यात धरून बारीक माप घ्यायची पट्टी) घ्या. व्हर्निअर नसेल तर मिलिमीटरच्या खुणा स्पष्ट असलेली स्टीलची पट्टी चालेल. घरभर फिरा: मोटर, गाडी, सायकल, गेटचे बिजागर, पाण्याच्या टाकीचे जोड, शिलाई मशीनचा स्टँड, फवारणीचा पंप, शेतात असेल तर पॉवर टिलर. प्रत्येक नटाचं माप सपाट बाजूपासून समोरच्या सपाट बाजूपर्यंत घ्यायचं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलंत तर आकडा साधारण १५ टक्क्यांनी जास्त येतो, १३चा नट १५चा वाटतो आणि दुकानात जाऊन चुकीचा पाना घेऊन येता.

मोजताना एक गोंधळ होतो, तो आधीच मिटवून टाकू. बोल्टचं माप वेगळं आणि पान्याचं वेगळं. हार्डवेअरवाला 'आठ एमएमचा बोल्ट' म्हणतो तेव्हा तो आट्यांचा व्यास सांगतो. त्या बोल्टच्या डोक्याला पाना लागतो १३चा. साध्या मिलिमीटर बोल्टांचा हिशोब असा: ५च्या बोल्टला ८चा पाना, ६ला १०, ८ला १३, १०ला १७ किंवा नव्या मापाचा १६, १२ला १९ किंवा १८, आणि १६ला २४. जपानी घडणीच्या गाड्यांत ८च्या बोल्टला बऱ्याचदा १२चं डोकं असतं आणि १०ला १४चं. म्हणून एकाच घरात मोटरीला १३ लागतो आणि तिच्याशेजारी उभ्या मोटरसायकलला १२. दोन्ही घ्यावेच लागतात, एकावर दुसऱ्याचं काम होत नाही.

बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबागेत ज्यांच्याकडे अजून कापडाचे जुने माग आहेत त्यांचं गणित आणखी वेगळं. जुन्या यंत्रांवर इंची नट सापडतात. त्यातले काही मिलिमीटरच्या पान्यात बसतात: पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तिथे १९ घट्ट पण बसतो; अर्धा इंच म्हणजे १२.७, तिथे १३ थोडा ढिला, हलक्या कामाला चालतो. पण नऊ-सोळांश इंच म्हणजे १४.२९. त्यावर १४ चढत नाही आणि १५ घसरतो. अशा नटाला इंची पानाच घ्या. त्यातही पान्यावर आकड्यापुढे डब्ल्यू असेल तर तो व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचा असतो. त्यावरचा आकडा तोंडाची रुंदी सांगत नाही, बोल्टचा व्यास सांगतो. त्यामुळे 'पाव डब्ल्यू'चा पाना पाव इंचापेक्षा कितीतरी रुंद तोंडाचा असतो. हे माहीत नसलं की माणूस दुकानदारावर उगाच चिडतो.

जुने मिस्त्री अजून सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, चार सूत म्हणजे अर्धा इंच. आपल्याकडे दुकानात 'चार सुतीचा बोल्ट' मागणारा आणि कन्नडमध्ये 'हदिमूर पाना कोडी' (तेराचा पाना द्या) म्हणणारा एकाच काउंटरवर उभे असतात आणि दुकानदार दोघांनाही न बघता बरोबर वस्तू काढून देतो. पाना कन्नडमध्येही पानाच. पक्कड मात्र इक्कळ होते, तेवढं लक्षात ठेवलं की निपाणीपासून बैलहोंगलपर्यंत कुठेही अडत नाही.

माझ्या कागदावर शेवटी काय आलं ते सांगतो: ८, १०, १२, १३, १४, १७, १९, आणि एकुलता एक २४. शंभर नगांच्या पेटीतून माझ्या कामाचे सात-आठच निघाले, आणि त्यातही १९ नव्हता.

फिक्स, रिंग, की दोन्ही एकात?

फिक्स पाना म्हणजे दोन्ही टोकांना उघडं तोंड. तो नटावर बाजूने सरकवता येतो, म्हणून जिथे वरून जागा नाही तिथे त्याच्याशिवाय गती नाही. पण त्याचा जोर नटाच्या दोनच कोपऱ्यांवर पडतो. गंजलेल्या नटावर फिक्स पाना लावून हिसका दिला की कोपरे जातात.

रिंग पाना नटाला सगळीकडून कवेत घेतो. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक रिंगांना आतून बारा कोपरे असतात, त्यामुळे दर ३० अंशांवर पाना पुन्हा बसवता येतो. सहा कोपऱ्यांची रिंग किंवा गोटी (नटावर वरून बसणारं सॉकेट) नटाच्या सपाट बाजूवर जास्त टेकते. ज्याचे कोपरे अर्धे गेलेत असा गंजका नट काढायला तीच घ्या. रिंगचा दांडा वाकडा, म्हणजे डोकं खाली आणि दांडा वर असतो, तो बोटांना पृष्ठभागापासून वर ठेवायला. सरळ दांड्याची रिंग स्वस्त मिळाली म्हणून घेतली तर बोटं सोलून निघतात.

एका टोकाला फिक्स, दुसऱ्याला रिंग, दोन्हीचं माप एकच, हा झाला कॉम्बिनेशन पाना. घरासाठी पहिली खरेदी हीच करा. नट रिंगने सैल करायचा, मग पाना उलटा करून उघड्या तोंडाने भराभर फिरवायचा. ८, १०, १२, १३, १४, १७, १९ असे सात सुटे घ्या. त्यानंतर जोडीला तीन फिक्स पाने: १०-११, १२-१३ आणि १८-१९. कारण बोल्टचं डोकं एका पान्याने धरायचं असतं आणि नट दुसऱ्याने फिरवायचा असतो. एकाच मापाचे दोन पाने लागतात, ही गोष्ट पहिल्यांदा काम करायला बसल्यावरच समजते.

फिक्स पान्याचं तोंड दांड्याला सरळ नसतं, १५ अंशांनी कललेलं असतं. ती घडणीतली चूक नव्हे. मोटरीच्या मागे, भिंतीला लागून नट असला की दांडा जेमतेम ३० अंश फिरतो. तेवढं फिरवायचं, पाना काढायचा, उलटा करून पुन्हा लावायचा, की त्याच जागेत पुढचे ३० अंश मिळतात. असं उलटसुलट करत नट बाहेर येतो. सरळ तोंडाच्या पान्याला याच कामाला ६० अंशांची मोकळी जागा लागली असती. एकदा रिकाम्या बोल्टवर करून बघा, हाताला लगेच सवय होते.

गोट्यांचा सेट म्हणजे रॅचेट हँडल आणि त्याच्या टोकाला लावायच्या गोट्या. तो घ्यायची घाई करू नका. गाडीचं काम नेहमी करत असाल तर हँडलचं चौकोनी टोक अर्ध्या इंचाचं असलेला, १० ते ३२ मापाच्या गोट्यांचा सेट उपयोगी. नुसतं घर आणि सायकल असेल तर १०, १२, १३चे टी पाने (इंग्रजी टी आकाराचे) पुरे. अॅलन कीचा, म्हणजे सहा कोनी खाचेत बसणाऱ्या वाकड्या किल्ल्यांचा, मात्र दीड ते दहाचा एक संच आणाच. सायकलचं हँडल, फर्निचर, मिक्सरखालचे स्क्रू, सगळीकडे ती लागते.

सायकलवरून आठवलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं पहिलं दुकान बेळगावातच, १८८८ साली, आणि ते सायकलींचं होतं. नांगर नंतर आले, आणि १९१०मध्ये कारखाना किर्लोस्करवाडीला गेला. किर्लोस्कर रोडवरून जाताना मला नेहमी वाटतं, त्या दुकानात कुणीतरी नक्की उलट आट्याच्या पॅडलशी झटापट केली असणार. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. ते सोडवताना पाना घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. पॅडलला बहुतेक १५चा पाना लागतो, आणि तो पातळ हवा, नाहीतर पॅडल आणि क्रँक (पॅडल ज्यावर बसतं तो दांडा) यांमधल्या फटीत शिरत नाही. मिक्सरचा कपलरही (भांडं ज्यात अडकतं ती चकती) बहुतेक उलट आट्याचाच. हे माहीत नसताना जोर लावून कपलर तोडलेले मिक्सर मी स्वतः दोन पाहिलेत.

दुकानात काय बघायचं

खिशात दोन नवे बोल्ट घेऊन जा: एक ६चा, एक ८चा. हार्डवेअरच्या दुकानातले साधे, न गंजलेले. १० आणि १३चा पाना त्यावर चढवून हलवून बघा. चांगला पाना बोल्टवर सहज जातो आणि मग जवळजवळ हलत नाही. हलका 'टक' असा आवाज येण्याइतकी सूट चालते, पण डोकं डगमगत असेल तर तो पाना खाली ठेवा. दुकानदाराला राग येत नाही, उलट तो ओळखतो की याला कळतं.

मग तोंडाच्या आतल्या दोन बाजू उजेडासमोर धरून बघा. त्या समांतर हव्यात. दांड्याच्या कडेवरून बोट फिरवा. घणाने साच्यात ठोकून घडवलेल्या पान्याच्या कडेला साच्याची रेघ असते, ती घासून साफ केलेली असावी. खडबडीत राहिली असेल तर जोर देताना तळहाताला कापते. क्रोमचा मुलामा कुठे फुगलाय का, कोपऱ्यात सुटलाय का, ते बघा. उघड्या तोंडाच्या आत निघालेलं पापुद्र्यासारखं क्रोम बोटात घुसतं, आणि तिथूनच गंज सुरू होतो.

पोलादाबद्दल एवढंच. क्रोम-व्हॅनेडियम लिहिलेला पाना पातळ असूनही ताकदवान असतो. नुसतं लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, नावाजलेल्या कंपनीचा ठसा, माप आणि भारतीय मानकाचा क्रमांक बघा. उघड्या तोंडाच्या पान्यांसाठी आयएस २०२८, रिंगसाठी आयएस २०२९, साध्या पकडीसाठी आयएस ३६५० अशी मानकं आहेत. नाशिकची टपारिया १९६९पासून हातहत्यारं बनवते आणि आपल्याकडच्या कुठल्याही हार्डवेअर दुकानात मिळते. जालंधर आणि लुधियानाकडचा मालही भरपूर येतो आणि त्यात चांगलाही आहे. नावाच्या स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडेतिकडे असलेली खोकी मात्र लांब ठेवा. बिल घ्या. तुटलेला पाना बदलून मिळण्याची शक्यता बिलावरच असते.

भंगारवाल्याकडून जुने पाने घ्यावेत का? मी घेतो. उद्यमबाग-मच्छे भागातल्या वर्कशॉपमधून निघालेले जुने, काळे, क्रोम नसलेले पाने कधी कधी किलोवर मिळतात आणि नव्या चकाकत्या पान्यापेक्षा बरे निघतात. फक्त तोंड फाकलेलं नाही, दांडा वाकलेला नाही आणि कुणी वेल्डिंग करून जोडलेला नाही, हे तपासायचं. ग्राइंडरने तोंड मोठं केलेला पाना फुकट दिला तरी घेऊ नका.

स्क्रू पाना आणि पाइप पाना

स्क्रू पाना घरात एकच, १० इंची. साधारण २८-३० मिलिमीटरपर्यंत उघडतो, म्हणजे नळाचे मोठे नट आणि टाकीचे जोड त्यात येतात. घेताना सरकता जबडा बोटांनी वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा. नव्या पान्यातच तो खुळखुळत असेल तर वर्षभराने नटावर थांबणारच नाही.

वापरताना जबडा नटाला चिकटेपर्यंत आवळायचा आणि सरकता जबडा ज्या बाजूला, त्या बाजूला दांडा ओढायचा. असं केलं की जोराचा भार न सरकणाऱ्या जबड्यावर येतो. उलटं ओढलंत तर सरकता जबडा फाकतो आणि स्क्रूचे आटे मरतात. स्क्रू पाना मापाचा पाना नसताना वापरायची वस्तू आहे. दहाच्या नटाला दहाचाच पाना लावावा.

पाइप पान्याचे दात तिरके असतात आणि ओढलं की जबडा पाइपवर आणखी आवळतो. म्हणून तो फक्त लोखंडी पाइपवर वापरायचा. नटावर लावला की कोपरे खाऊन टाकतो, पितळी किंवा क्रोमच्या नळावर लावला की कायमचे दाताचे ठसे. अर्ध्या इंचाच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा बाहेरचा व्यास २१.३ मिलिमीटर असतो, पाऊणचा २६.९, एक इंचाचा ३३.७. त्यामुळे घरासाठी १४ इंची पाइप पाना पुरतो. आणि एक नव्हे, दोन लागतात: एकाने पाइप धरायचा, दुसऱ्याने जोड फिरवायचा. एकच असेल तर जोड फिरवताना भिंतीतला पाइपच फिरतो आणि आतला सॉकेट गळायला लागतो. दुसरा शेजाऱ्याकडून आणा, पण दोन हवेत. पाइप जबड्याच्या मधोमध बसवा, मागे थोडी फट ठेवा, आणि जबडा ज्या बाजूला उघडा आहे त्या बाजूला ओढा. आता घरोघरी सीपीव्हीसीचे, म्हणजे प्लॅस्टिकचे पाइप आलेत. त्यांच्यावर पाइप पाना चालवू नका, पाइप चिरतो.

पकडी: इथे पैसे खर्च करा

पान्यात थोडी तडजोड चालते, पकडीत चालत नाही, असं माझं मत आहे. पक्कड रोज हातात येते आणि वाईट पक्कड रोज त्रास देते.

आधी साधी, ८ इंची कॉम्बिनेशन पक्कड. तिच्या तोंडात चार वेगळी कामं आहेत आणि बहुतेक लोक दोनच वापरतात. टोकाचा सपाट, बारीक दातांचा भाग तारा धरायला आणि पिळायला. त्यामागे गोलसर, मोठ्या दातांची पोकळी गोल वस्तू धरायला, म्हणजे रॉड, छोटा पाइप, बाटलीचं घट्ट झाकण. त्यामागे कटर. आणि सांध्याच्या बाहेरच्या बाजूला, पक्कड उघडली की दिसणाऱ्या दोन खाचा. त्यात जरा जाड लोखंडी तार घालून पक्कड मिटली की तार कात्रीत सापडल्यासारखी तुटते. सांध्याजवळ असल्यामुळे तिथे जोर सगळ्यात जास्त मिळतो. कुंपणाची तार मधल्या कटरने तोडत बसणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं. सायकलचे स्पोक आणि स्प्रिंगची तार मात्र कुठल्याही साध्या पकडीने तोडू नका. ती तार कडक असते, कटरच्या धारेत अर्धचंद्र पाडते.

दुकानात पक्कड अशी बघायची. मिटून उजेडासमोर धरा. कटरच्या फटीतून उजेड दिसता कामा नये. सपाट जबड्याचं टोक एकमेकाला लागायला हवं. टोकाच्या मागे किंचित फट असली तर हरकत नाही. मग वहीचा कागद किंवा तांब्याच्या तारेतला केसासारखा एक धागा कटरने कापा. दुकानदाराकडे वायरचा तुकडा असतोच. धागा दुमडला आणि कापला गेला नाही तर दुसरी पक्कड मागा. नंतर एक दांडा धरून दुसरा बाजूला हलवून बघा, सांधा खेळतोय का. आणि शेवटी एका हाताने उघडमीट करा. सांधा इतका घट्ट असेल की दोन हात लागतात, तर तो तेल घालूनही लवकर सुधारत नाही.

दांड्यावरचा प्लॅस्टिकचा जाड कव्हर म्हणजे विजेपासून संरक्षण, हा गैरसमज फार आहे. १००० व्होल्टचा आकडा आणि त्याच्याशेजारी एकात एक दोन त्रिकोणांची खूण छापलेली असेल, तरच ती पक्कड विजेच्या कामासाठी तपासलेली असते. तरीसुद्धा घरच्या २३० व्होल्टच्या लाइनवर काम करताना मेन बंद करायचा, टेस्टरने बघायचं, मगच पक्कड लावायची. कव्हर चिरलं असेल तर ती पक्कड विजेच्या कामातून बाद.

हाताच्या मापाचाही विचार करा. ८ इंची पक्कड बायकोच्या हातात पूर्ण उघडली की तिच्या बोटांत बसत नव्हती. ६ इंची आणल्यापासून नळाचा वॉशर बदलायला ती मला हाक मारत नाही. घरात कोण काम करणार आहे, त्याच्या हाताने दुकानात पक्कड उघडून बघा.

दुसरी पक्कड लाँग नोज, ६ इंची. स्विच बोर्डमध्ये, शिलाई मशीनमध्ये, जिथे बोटं जात नाहीत तिथली. तिच्या टोकाने मोठा जोर देऊ नका, टोकं एकमेकांवरून सरकतात आणि परत सरळ होत नाहीत. तिसरा साइड कटर, ६ इंची. वायर सपाट कापायला, केबल टाय छाटायला. मागवाल्यांकडे हा असतोच.

चौथी वॉटर पंप पक्कड, १० इंची. दांडा लांब, जबडा सरकवून पाच-सहा मापांवर लावता येतो. बेसिनखालचे प्लॅस्टिकचे मोठे नट, जेट पंपाची युनियन (सोडता येणारा पाइपचा जोड), यांना हीच. क्रोमच्या नळावर लावायची असेल तर जबड्यात सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून घ्या, ओरखडा येत नाही.

पाचवी लॉकिंग पक्कड, आपल्याकडे तिला व्हाइस ग्रिप म्हणतात. दांड्याच्या मागच्या स्क्रूने उघडी मोजून घ्यायची आणि मिटली की कुलूप लागल्यासारखी धरून बसते. नटाचे कोपरे गेले की शेवटचा उपाय ती. आधीपासूनच सगळीकडे ती वापरायला लागलात तर मात्र कोपरे जाण्याचं कारणही तीच होईल.

खानापूर, जांबोटीकडे कौलारू घरं असतील तर सुताराची अंबूर एक ठेवा. रीपातले जुने खिळे उपटायला पकडीपेक्षा ती बरी, कारण तिच्या गोल डोक्यावर टेकून खिळा वर उचलता येतो.

कुठल्या क्रमाने घ्यायचं

पहिल्या खेपेला: सात कॉम्बिनेशन पाने, ८ इंची पक्कड, १० इंची स्क्रू पाना, अॅलन कीचा संच. दुसऱ्या खेपेला, दोनेक महिने काम करून काय अडतंय ते कळल्यावर: तीन फिक्स पाने, लाँग नोज, वॉटर पंप पक्कड. तिसरी खेप ज्याच्या त्याच्या कामाची. मोटर असेल तर पाइप पाने आणि २४चा पाना, माग असेल तर साइड कटर आणि इंची पाने, गाडी असेल तर गोट्या. सर्क्लिप पक्कड, चेन पाना वगैरे जेव्हा काम समोर येईल तेव्हाच.

जोर किती लावायचा

पान्याची लांबी त्याच्या मापाप्रमाणे वाढत जाते, ती उगाच नव्हे. दहाचा पाना साधारण १५ सेंटीमीटरचा असतो. त्याच्या टोकाला २० किलोचा जोर दिला तर नटावर सुमारे ३० न्यूटन-मीटरचा पीळ बसतो. ६च्या साध्या बोल्टला १० न्यूटन-मीटर पुरतात. म्हणजे अख्ख्या हाताने ओढलंत तर बोल्ट तुटणारच. दहाचा पाना तीन बोटांनी ओढायचा, १९चा मुठीने. दांड्यावर पाइप घालून लांबी वाढवायची खोड सोडा. पाना आपल्याकडे ओढावा, पुढे ढकलू नये. ढकलायचीच वेळ आली तर मूठ न वळता तळहाताने ढकला, म्हणजे घसरला तरी बोटं वाचतात.

गंजलेला नट समोर आला की घाई करू नका. तारेच्या ब्रशने आटे घासा. गंज सोडवायचं तेल किंवा डिझेल टाका आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी नटाच्या एका बाजूला हातोडा टेकवून समोरच्या बाजूवर दुसऱ्या हातोड्याने हलकं ठोका, सहाही बाजूंवर. मग सहा कोपऱ्यांच्या रिंगने आधी थोडा आवळायचा, केसभर हलला तरी पुरे, आणि मग सोडायचा. हलला की पुन्हा तेल, पुन्हा आवळ-सोड. त्या मे महिन्यात मी हे सगळं न करता पट्टी दुमडून बसलो होतो.

पावसाळा

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली असते. खानापूर-कणकुंबी भागात तर कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी येते, तिथे पान्यांचं काय. काम झालं की पाने सुक्या फडक्याने पुसा, मग शिलाई मशीनच्या तेलात भिजवलेलं फडकं फिरवा. खोबरेल तेल लावू नका, ते काही दिवसांनी चिकट होतं आणि त्यावर धूळ बसते. पकडीच्या सांध्यात तेलाचा एक थेंब आणि दोन-चार वेळा उघडमीट. हत्यारं सिमेंटच्या जमिनीवर किंवा गोणपाटात ठेवू नका, दोन्ही ओल धरतात. भिंतीपासून थोडं सुटं ठेवलेलं फळकूट घ्या, त्यावर खिळे ठोका आणि प्रत्येक पान्याभोवती पेन्सिलने रेघ मारा. संध्याकाळी कुठली जागा रिकामी आहे ते लांबूनही दिसतं.

आमच्या फळकुटावर रिकामी जागा बहुतेक वेळा १०चीच असते. गल्लीत कुणाचीही गाडी अडली की पोरगं दारात येतं, "काका, दहाचा पाना हाय काय?" म्हणून मी १०चे दोन ठेवतो. दुसरा फळकुटाच्या मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या खिळ्यावर.